प्रकल्प नोंदी: चाळीस अंशांच्या खोलीत पेप्टाइडचे जेल

जागा: जळगाव, पदवी महाविद्यालयाची रसायनशास्त्र प्रयोगशाळा. काम: पाण्यात आपोआप जुळून तंतू आणि नळ्या बनवणाऱ्या दोन लहान पेप्टाइडांची (अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांची) पद्धत खानदेशातल्या उन्हाळ्यात बसवणे.

२४ मार्च

एफमॉक-डायफेनिलॲलॅनिन १ ग्रॅम आणि साधे डायफेनिलॲलॅनिन २५० मिग्रॅ आले. पुढच्या नोंदींत पहिल्याला ‘एफमॉक-एफएफ’ आणि दुसऱ्याला ‘एफएफ’ म्हटले आहे. एफएफ म्हणजे फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लाची जोडी, एफमॉक म्हणजे तिच्या एका टोकाला जोडलेला फ्लुओरेनिलवाला गट. पार्सलमधले बर्फाचे पॅक पोहोचेपर्यंत कोमट झाले होते. कोरड्या पावडरीचे प्रवासातल्या उष्णतेने फारसे बिघडत नाही, बिघडते ते ओलाव्याने. फ्रीझरमधली बाटली काढल्या काढल्या उघडली की खोलीतली वाफ आत गोठते आणि कूलर चालू असेल तर हे पटकन होते. म्हणून बाटली डेझिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) तासभर ठेवून, खोलीइतकी गरम झाल्यावरच उघडली. सगळा माल ५०-५० मिग्रॅच्या व्हायलींत वाटून ठेवला, म्हणजे मूळ बाटली पुन्हा पुन्हा उघडावी लागत नाही.

वजन करताना त्रास स्थिर विद्युतचा. मार्चअखेरच्या कोरड्या हवेत एफमॉक-एफएफची हलकी पावडर स्पॅच्युलावरून उडून प्लास्टिकच्या बोटीच्या कडांना चिकटते. प्लास्टिक बंद केले. काचेची व्हायल काट्यावर ठेवून थेट तिच्यात वजन, स्पॅच्युला धातूचा, वजनापूर्वी हात नळाच्या धातूला लावायचा. पंखा आणि कूलर दोन्ही बंद, नाहीतर शेवटचा आकडा स्थिर होत नाही.

हीच दोन का? अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या बीटा-अमायलॉइडच्या साखळीत १९ आणि २० या जागांवर फेनिलॲलॅनिन लागोपाठ येते. तेवढाच तुकडा वेगळा घेतला तरी तो पाण्यात नळ्या बनवतो, हे तेल अवीव विद्यापीठातल्या रेचेस आणि गझित यांनी २००३ मध्ये दाखवले. दोन अमिनो आम्लांचा रेणू असल्याने तो आपल्या खिशाला परवडतो. सोळा अमिनो आम्लांचे, असेच जेल बनवणारे आरएडीए-१६ हे पेप्टाइड परवडत नाही.

२७ मार्च

पाणी. कॅनमधले पिण्याचे आरओ पाणी चालणार नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असते, आरओनंतरही त्यातले थोडे उरते. कॅल्शियम दोन कार्बोक्सिल गटांना एकत्र धरतो, त्यामुळे आम्ल घालायच्या आधीच द्रावण घट्ट होऊ लागते किंवा गुठळ्या होतात. बायकार्बोनेट पुढे घातलेले आम्ल खाऊन टाकते. काचेच्या यंत्रातले दोनदा ऊर्ध्वपातित पाणीच घ्यायचे. तपासणी सोपी: ५ मिली पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब, काळ्या कागदासमोर धरायचे. दुधाळ झाक दिसली तर क्लोराइड आहे, म्हणजे बाकीचे क्षारही असणार. ते पाणी टाकून द्यायचे.

सोडियम हायड्रॉक्साइड ०.१ मोलर. जुनी बाटली वापरू नये, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तिची ताकद उतरलेली असते. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर टायट्रेशन करून खरी तीव्रता बाटलीवर लिहिली. इथे पाच टक्क्यांची चूक पुढे जेलच्या पीएचला भोवते. ते कसे, हे ९ एप्रिलच्या नोंदीत येईल.

२ एप्रिल

पीएच पद्धत, १० मिलीसाठी:

एफमॉक-एफएफ ५० मिग्रॅ. रेणुभार ५३४.६, म्हणजे ९३.५ मायक्रोमोल. त्यावर ९ मिली पाणी, मग ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १.० मिली, म्हणजे १०० मायक्रोमोल. हे थेंब थेंब घालायचे, चुंबकीय ढवळणी मंद. वेगात ढवळले की फेस येतो आणि फेसाचे बुडबुडे शेवटपर्यंत जेलमध्ये अडकून राहतात. पावडर हळूच विरघळते, अर्धा तास द्यावा. शेवटी द्रावण पाण्यासारखे स्वच्छ दिसले पाहिजे. तळाशी कण उरले तर अल्कली वाढवण्याऐवजी वेळ वाढवावा. एफमॉक गट अल्कलीतच तुटतो. गरमीत तर हे अल्कलीचे द्रावण उद्यासाठी ठेवूच नये.

दुसऱ्या, पूर्ण कोरड्या व्हायलीत ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन, पुढे जीडीएल, तोलून ठेवायचा (प्रमाण ९ एप्रिलच्या नोंदीत). त्याचे आधी द्रावण करून ठेवता येत नाही, कारण पाण्यात पडल्या क्षणापासून तो ग्लुकोनिक आम्ल होऊ लागतो. पद्धतीचे मर्म यातच आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले तर थेंब पडतो तिथेच पांढरी गुठळी होते आणि बाकी द्रावण तसेच राहते. जीडीएल आम्ल सावकाश आणि सगळीकडे सारखे सोडतो. पेप्टाइडचे द्रावण जीडीएलवर ओतायचे, व्हायल दोन वेळा फिरवायची आणि ठेवून द्यायची. ‘धरले का’ म्हणून तिरपी करून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळावा. अर्धवट जुळलेले तंतू हलवल्याने तुटतात आणि मग जेल ढिलेच राहते.

आत घडते ते असे. कार्बोक्सिलवरचा ऋणभार जातो, रेणूंचे एकमेकांना ढकलणे थांबते, रेणूंच्या मुख्य साखळ्या बीटा-पट्ट्यांत (शेजारी शेजारी रचलेल्या सपाट थरांत) लागतात आणि एफमॉकचे सपाट फ्लुओरेनिल गट चेनच्या दातांसारखे एकमेकांत बसतात. एकट्या रेणूसाठी अपेक्षित पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा भार जातो तो, ३.५ च्या आसपास असतो. २००९ मध्ये तंग आणि सहकाऱ्यांनी मोजले तेव्हा तो ६.४ आणि २.२ एककांनी वर सरकलेला, अशा दोन टप्प्यांत सापडला. म्हणजे जुळणी चांगल्याच अल्कली पीएचला सुरू होते. ‘आम्ल केल्यावर जेल होते’ असे शिकवताना हा बारकावा सुटतो.

५ एप्रिल

त्याच मापांच्या दोन व्हायली. एक सकाळी सातला, खोली २८ अंश. दुसरी दुपारी तीनला, खोली ३९ अंश, बाहेर त्याहून जास्त. दुपारचे अल्कली द्रावण सकाळच्यापेक्षा जुने असू नये म्हणून ते ताजे केले.

सकाळचे जेल जवळजवळ पारदर्शक. व्हायलीमागे वर्तमानपत्र धरले तर अक्षरे वाचता येतात. दुपारचे लवकर धरले, पण ढगाळ. काचेपासून बारीक फट सुटलेली आणि फटीत पाणी. उलटे केल्यावर दोन्ही जागेवर राहिली. म्हणून व्हायल उलटी करून पाहणे ही चाचणी म्हणून अपुरी आहे. तिच्यावर विसंबले असते तर दोन्हींपुढे ‘झाले’ अशी एकच नोंद पडली असती.

कारण जीडीएलच्या विघटनाच्या वेगात आहे. तापमान वाढले की आम्ल लवकर सुटते, रेणूंना नीट शेजार शोधायला वेळ मिळत नाही, तंतू जाड गठ्ठ्यांत एकत्र येतात आणि गठ्ठे प्रकाश विखुरतात. एकदा असे जुळले की ते थंड करून सुधारत नाही. ही रचना वाटेत अडकलेली असते, सगळ्यांत स्थिर अवस्थेला पोहोचलेली नसते. त्यामुळे घटक तेच, मापे तीच, तरी वाट बदलली की माल बदलतो.

छापील पद्धतींत ‘रूम टेंपरेचर’ एवढेच लिहिलेले असते. ते लिहिणाऱ्यांच्या खोल्या जळगावात नाहीत. इथून पुढे प्रत्येक नोंदीत तापमान अंशांत, आणि तेही व्हायलीतले.

९ एप्रिल

वॉटर बाथ खोलीपेक्षा गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. चिलर नाही. फळवाल्यांकडे मिळते तशी थर्माकोलची पेटी घेतली, त्यात ८ लिटर पाणी, पाण्यात गोठवलेल्या पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. २५ अंश झाले की बाटली काढायची, २६ च्या वर गेले की पुन्हा घालायची. थर्मामीटर पेटीच्या पाण्यात न ठेवता १० मिली साधे पाणी भरलेल्या वेगळ्या व्हायलीत ठेवायचा. आपल्याला ते तापमान हवे असते. वीज गेली तरी पेटीला फरक पडत नाही, हा वरचा फायदा. पेप्टाइडचे द्रावण आणि जीडीएलची व्हायल दोन्ही आधी वीस मिनिटे पेटीत ठेवून मगच मिसळायची.

जीडीएलचे प्रमाण. रेणुभार १७८.१, अल्कली १०० मायक्रोमोल.

१८ मिग्रॅ: जेमतेम अल्कलीएवढा. शेवटचा पीएच कुठे थांबेल याचा भरवसा नाही. हायड्रॉक्साइडच्या तीव्रतेतली पाच टक्क्यांची चूक इथे पूर्ण एककाने दिसू शकते. २७ मार्चचे टायट्रेशन यासाठीच.

२२ मिग्रॅ: थोडे आम्ल शिल्लक राहते आणि ग्लुकोनेट-ग्लुकोनिक आम्लाची जोडी स्वतःच बफरचे काम करते. पीएच साडेचारच्या आसपास स्थिरावतो. हेच प्रमाण पक्के केले.

४० मिग्रॅ: पीएच ४ च्या खाली. दुसऱ्या दिवशी जेल आकसून पाणी सोडते. घट्ट दिसते पण ठिसूळ असते.

पीएच मीटरचा इलेक्ट्रोड जेलमध्ये खुपसू नये, सच्छिद्र टोक चोंदते आणि मग बफरमध्येही वाचन सरकते. मोजायचे तर शेजारच्या बळीच्या व्हायलीत, पूर्ण धरायच्या आधी, आणि लगेच पातळ अल्कलीने धुवायचा. दर्शक रंगही सांभाळून वापरावेत, ते तंतूंना चिकटतात आणि त्यांचा रंगबदलाचा पीएच सरकतो.

१६ एप्रिल

दुसरी वाट, द्रावक बदलण्याची. एफमॉक-एफएफ डायमिथिल सल्फॉक्साइड (डीएमएसओ) या द्रावकात १०० मिग्रॅ प्रति मिली, हा साठा. ५० मायक्रोलिटर साठा काचेच्या व्हायलीत, त्यावर ९५० मायक्रोलिटर पाणी एका दमात. शेवटी ५ मिग्रॅ प्रति मिली, डीएमएसओ ५ टक्के. पाणी पडताच दूध होते, मग काही मिनिटांत हळूहळू निवळत पारदर्शक जेल होते. ही निवळण्याची क्रिया पाहण्यासारखी आहे. आधी पेप्टाइडचे बारीक गोळे वेगळे पडतात आणि त्यांतूनच तंतू वाढतात. दूध दिसताच ‘फसले’ म्हणून टाकून देऊ नये.

क्रम उलटा केला, म्हणजे पाण्यात साठा टाकला, तर टिपच्या तोंडाशीच जेलचा दोरा तयार होतो.

डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो. फ्रिजमध्ये ठेवलेला साठा दगड होतो. पूर्ण वितळवून, हलवून, मगच घ्यावा. नाहीतर वरचा पातळ भाग पिपेटमध्ये येतो.

२१ एप्रिल

एफएफच्या नळ्या. मूळ पद्धत: हेक्झाफ्लुओरोआयसोप्रोपेनॉलमध्ये १०० मिग्रॅ प्रति मिली साठा, पाण्यात २ मिग्रॅ प्रति मिलीपर्यंत पातळ. आपण ५ मिग्रॅ एफएफ ५० मायक्रोलिटरमध्ये आणि त्यातले २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर पाण्यात, असे केले.

हा द्रावक सुमारे ५८ अंशांना उकळतो. ३९ अंशांच्या खोलीत पिपेटच्या टिपमध्ये त्याची वाफ दाब धरते आणि थेंब आपोआप गळतो. बाटली बर्फात, टिप आधी दोन-तीनदा त्याच द्रावकाने ओली करून, आणि शक्य तर काचेची सिरिंज. घनता १.६, त्यामुळे वजनाने माप पडताळणे सोपे. डोळ्यांना आणि त्वचेला घातक, फ्यूम हूडशिवाय उघडायचा नाही. नायलॉन आणि पीईटी दोन्ही त्यात विरघळतात, म्हणून नायलॉनचा फिल्टर आणि पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकचे भांडे वर्ज्य. काच किंवा टेफ्लॉन. साठा रोज नवा करावा.

थेंब स्लाइडवर, कव्हर स्लिप, ४०० पट. लांब, सरळ, सुईसारख्या काड्या. आतली पोकळी या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, त्यामुळे ‘नळ्या दिसल्या’ असे लिहू नये. स्फटिकाची रचना मात्र ठाऊक आहे. सहा-सहा रेणूंचे कडे, त्यांच्या मधून अरुंद पाणीवाट, हे गॉर्बित्झ यांनी २००१ मध्ये क्ष-किरणांनी दाखवले.

धुताना सावधान. साध्या पाण्याने धुतले तर काड्या विरघळून गायब होतात. एफएफ पाण्यात थोडे विरघळतेच, आणि गरम खोलीत अधिक. धुण्याचे पाणी आधी एफएफने संपृक्त करून, गाळून, त्याच तापमानाला वापरावे.

२८ एप्रिल

महागडा द्रावक टाळण्यासाठी: एफएफ २ मिग्रॅ प्रति मिली पाण्यात, ९० अंशांच्या बाथमध्ये पूर्ण स्वच्छ होईपर्यंत. मग एक व्हायल थेट २५ अंशांच्या पेटीत, दुसरी गरम पाणी भरलेल्या स्टीलच्या थर्मासमध्ये. पेटीतल्या काड्या आखूड आणि पुष्कळ, थर्मासमधल्या लांब आणि मोजक्या. कोरडी एफएफ पावडर मात्र ओव्हनमध्ये १५० अंशांजवळ नेऊ नये. रेणूची दोन टोके जुळून वलय बनते, पाणी निघून जाते आणि हाती वेगळाच पदार्थ येतो.

आखाजी आणि महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीसाठी जेलच्या व्हायली पॅराफिल्म लावून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बुरशी येऊ नये म्हणून कुणी सोडियम अझाइड सुचवेल. या जेलमध्ये ते घालायचे नाही. आम्लात त्यातून हायड्राझोइक आम्ल सुटते, ते उडनशील आणि विषारी. त्याऐवजी जीडीएल घालण्याआधीच अल्कलीचे द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावे. जेल झाल्यावर गाळता येत नाही, हे उघड आहे.

१३ मे

तंतू खरेच बीटा-पट्ट्यांचे आहेत का? थायोफ्लेविन-टी, बीटा-पट्ट्यांना धरल्यावर उजळणारा रंग, २० मायक्रोमोलर. फ्लुओरोमीटर नसल्याने ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी, समोर पिवळा फिल्टर, खोलीत अंधार. जेल हिरवट उजळते, नुसत्या रंगाचे पाणी अंधारेच राहते. पण थायोफ्लेविन धनभारी आणि आपले पेप्टाइड ऋणभारी. नुसत्या भाराच्या ओढीनेही रंग धरू शकतो. म्हणून अशाच तंतूंना धरणाऱ्या, पण ऋणभारी काँगो रेड या रंगानेही पडताळले. दोन्ही धरले तर विश्वास ठेवावा.

काँगो रेड लावल्यावर दोन आडव्या-उभ्या पोलरॉइडांमध्ये दिसणारा हिरवा प्रकाश (द्विअपवर्तन) एफएफच्या काड्यांवर पुरावा म्हणून लिहू नये. त्या काड्या मुळातच पोलरॉइडमध्ये चमकतात, रंग असो वा नसो.

२० मे

औषध धरून ठेवण्याची चाचणी, औषधाऐवजी मिथिलीन ब्लू. अल्कलीच्या द्रावणात रंग ०.०५ मिग्रॅ प्रति मिली, मग जीडीएल. १ मिली जेलवर २ मिली फॉस्फेट बफर, पीएच ७.४. दर तासाला वरचा सगळा बफर काढून नवा, कलरीमीटर ६६० नॅनोमीटर.

आकड्यांवर लगेच आलेख काढू नये. ७.४ च्या बफरखाली जेलचा वरचा थर पुन्हा भारित होऊन सुटू लागतो. वर आलेला रंग झिरपून आला की जेलच विरघळले, हे एकट्या ६६० वरून कळत नाही. त्याच नमुन्याचे वाचन २६५ नॅनोमीटरलाही घ्यावे, तिथे फ्लुओरेनिल गट प्रकाश शोषतो. मात्र मिथिलीन ब्लूही अतिनीलमध्ये थोडा शोषतो, तेवढा वजा करावा. शिवाय मिथिलीन ब्लू धनभारी असल्याने तंतूंना धरून बसतो. त्याच्यावरून ऋणभारी औषधाचा अंदाज बांधू नये, मिथिल ऑरेंज या ऋणभारी रंगाची जोडचाचणी ठेवावी.

बाजारात पोहोचलेली उदाहरणे पाहिली की हा हिशेब का करायचा ते पटते. लॅनरिओटाइड हे आठ अमिनो आम्लांचे औषध पाण्यात २४ नॅनोमीटर व्यासाच्या नळ्या बनवते. त्याची दाट जेलसारखी सुई खोलवर दिली की महिनाभर औषध सुटत राहते. तिथे औषध हेच जेल, वेगळा वाहक नाही. आरएडीए-१६ चे जेल शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवायला वापरतात. ते पावडरीतून बनवताना आम्लधर्मी असते आणि रक्ताच्या क्षारांना व पीएचला भेटल्यावर घट्ट होते. आपल्या एफमॉक-एफएफला अजून पेशींची परीक्षा द्यायची आहे. त्याआधी जेल पोषक द्रवात ठेवून, द्रव बदलत, त्यातल्या फिनॉल रेडचा (आम्लात पिवळा होणाऱ्या दर्शकाचा) पिवळा रंग परत लालसर होईपर्यंत धुवावे लागेल. पिवळ्या जेलवर पेशी टाकून ‘विषारी’ असा निष्कर्ष काढणे ही या क्षेत्रातली नेहमीची चूक आहे.

९ जून

पहिल्या सरी पडल्या. पावडर उडणे थांबले आणि उलट त्रास सुरू झाला. जीडीएलच्या बाटलीत ढेकळे. ओला जीडीएल म्हणजे थोडा आधीच आम्ल झालेला, तो पडताच जेल एका बाजूने धरते. नवी बाटली उघडून ५-५ ग्रॅमच्या व्हायलींत वाटली, सिलिका जेलसह. सिलिका निळा असताना घेतला, गुलाबी झाला की १२० अंशांना ओव्हनमध्ये.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुने बाहेर पाठवायचे आहेत. ओले जेल एसटीत घालून पाठवू नये, हलून तुटते आणि वाटेत सुकते. ग्रिड (नमुना धरणारी बारीक धातूची जाळी) इथेच करायची: जेलचा मोहरीएवढा तुकडा दहापट पाण्यात, त्याच पीएचला आणलेल्या, ५ मायक्रोलिटर ग्रिडवर एक मिनिट, गाळणकागदाने कडेने टिपणे, रंग म्हणून २ टक्के फॉस्फोटंगस्टिक आम्ल पीएच ७ ऐवजी जेलच्या पीएचला आणून अर्धा मिनिट, पुन्हा टिपणे. कूलरसमोर सुकवायचे नाही, झाकलेल्या पेट्रीडिशमध्ये. सोबत रंग लावलेली पण पेप्टाइड नसलेली एक ग्रिड हवीच, कारण सुकलेल्या क्षारांचे फाटेही तंतूंसारखे दिसतात. पाकिटावर पेप्टाइडचे नाव, प्रमाण, शेवटचा पीएच, आणि जेल किती अंशांना धरले तो आकडा.